नीळ आणि जर्दाळू

सरीजू,
१४ जानेवारी १९९८

अस्रोरआका,

सलाम. इथे आम्ही तिघीही ठणठणीत आहोत: मी, आई आणि गाय. तिघींत सगळ्यात कमी कुरकुर गाय करते. पलीकडच्या गावचा होलनजर उद्या अक्रोडाची पोती घेऊन तिकडे रशियात, तुमच्या समाराला निघालाय. पत्र आजच हवं म्हणून दारात ठाण मांडून बसलाय आणि तिसरा चहा पितोय. टपालखात्याची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा होलनजर हेच आपलं टपाल.

मुद्द्याचं सांगते. तुमच्या खोलीचा गिलावा वाळला. कोनाडे सहाच्या सहा सरळ आलेत, फक्त दाराजवळचा एक जरा झोप आल्यासारखा कलला आहे. तुमचं लग्न जर्दाळू उतरल्यावरच, त्यात काही बदल नाही. पण नवरीची, दिलाफ्रूझची मावशी नवरोजनंतर भिंतींची मापं घ्यायला येणार. भरतकामाचा मोठा पडदा तिकडे दोन वर्षं शिवला जातोय म्हणे. ती यायच्या आत भिंती रंगून तयार हव्यात. नुसत्या मातीच्या भिंतीला फीत लावायची वेळ आली, तर ती बाई हयातभर सांगत सुटेल.

आईचं म्हणणं, चुन्यात नीळ. दुसरा रंग असतो हेच तिला पटत नाही. निळ्या भिंतीवर माश्या बसत नाहीत, निळ्या भिंतीला नजर लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिची खोली निळी होती. मी म्हटलं, तुझा लेक, माझा आका, आता शहरातल्या लोकांच्या खोल्या रंगवतो, त्याला एकदा विचारू तरी. तर म्हणाली, "विचार. पण नीळ मी आणून ठेवलीय."

खाली आई स्वतःच्या हाताने एक ओळ लिहितेय. तिच्यासाठी जागा सोडते.

तुमची
तुहफा

अस्रोर, पाय कोरडे ठेव. आई.

*

समारा,
६ फेब्रुवारी १९९८

तुहफाजान,

तुझं पत्र मी एका रिकाम्या खोलीत बसून वाचलं. खोलीत सामान काही नाही, एक शिडी, चार डबे आणि मी. बाहेर इतका बर्फ आहे की खिडकीतून उजेड येतो की थंडी, ते कळत नाही. इथे आल्यापासून मी एकवीस खोल्या रंगवल्या. प्रत्येक खोलीत पहिला हात मारताना मला क्षणभर वाटतं की ही आपलीच. मग दाराबाहेर कुणाचे तरी बूट वाजतात आणि ती त्यांची होते.

आता रंगाचं. आईला सलाम, पण निळा नको. सांगतो का ते.

मागच्या महिन्यात वेरा पेत्रोव्ना नावाच्या बाईंची खोली केली. त्यांनी निळा मागितला, मी निळा दिला. खिडकी उत्तरेला. रंग वाळला तशी खोली विहिरीच्या तळासारखी दिसायला लागली. बाई स्टुलावर बसल्या आणि मुसमुसून रडल्या. म्हणाल्या, "पोरा, माझा इथे जीव गारठतो." मी तिसऱ्या दिवशी सगळं पिवळं केलं. त्याच बाई मग मला पोटभर सूप पाजून म्हणाल्या, उद्या पण ये, काम नसलं तरी ये. आपल्या खोलीची खिडकीही उत्तरेलाच आहे, नदीकडे.

आणि दुसरं. बाबा गेले त्या वर्षी आई वर्षभर गडद निळ्या झग्यात होती, शोकाच्या रिवाजाप्रमाणे. मी नऊ वर्षांचा होतो. निळं म्हटलं की मला तोच झगा आठवतो, चुलीपुढे पाठमोरा. त्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं तुला आठवणार नाही, तू रांगत होतीस. छपरावर जर्दाळू वाळत होते आणि अचानक पाऊस आला. बाबा आणि आई धावत वर गेले, चटयाच्या चटया उचलून त्याच खोलीत आणून पसरल्या. जमीन दिसेना. सगळी खोली खालून उजळली. भिंती, छत, बाबांची दाढी, सगळं पिवळं. मी दारात उभा होतो, आत पाऊल टाकायला जागा नव्हती. मला वाटलं, बाबांनी सूर्य घरात आणला. परवा डब्याला टेकून बसल्या बसल्या डोळा लागला तर तीच खोली दिसली. मला तीत दिलाफ्रूझला न्यायचंय.

चुन्यात पिवडी आणि चिमूटभर गेरू घातला की तो रंग साधतो. सोबत दोन पुठ्ठे पाठवतोय, तळहाताएवढे. एकावर फिका निळा, एकावर जर्दाळूचा. पिठाच्या खळीने भिंतीवर चिकटव, शेजारी शेजारी. सकाळी बघ, दुपारी बघ, दिवा लावायच्या आधी बघ. आईलाही बघू दे. आणि लक्षात ठेव, ओला रंग खोटं बोलतो. वाळल्यावरच त्याला विचारायचं.

पाय कोरडे आहेत, सांग.

अस्रोर

*

सरीजू,
२६ फेब्रुवारी १९९८

अस्रोरआका,

पुठ्ठे पोचले. होलनजर म्हणाला, "एवढ्या लांबून माणसं कापड पाठवतात, घड्याळ पाठवतात, याने पुठ्ठे पाठवलेत." मी त्याला सांगितलं की तुझ्या डोक्यात अक्रोड आहेत, अक्रोडाच्या आतलं नाही.

चिकटवले खिडकीसमोरच्या भिंतीवर. आता माझी पंचाईत अशी की शाळेतून आल्यावर कोट न काढता मी आधी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहते. मुलांच्या वह्या तशाच पडतात. सकाळी निळा आधी जागा होतो. पिवळा तेव्हा पुठ्ठाच वाटतो, साधा. दुपारी दोघे सारखे. पण उन्हं गेली की पिवळा हळूहळू मोठा होतो. आका, खरंच मोठा होतो. काल मी त्याच्यासमोर हात धरला तर मला तळव्याला ऊब लागल्याचा भास झाला. निळा तेव्हा आत आत जातो, भिंतीला कुणी खिडकी पाडल्यासारखा. मला वाटतं एका खोलीत जगावं आणि दुसरीचं स्वप्न बघावं. पण लग्न एकाच खोलीत होतं, तेव्हा माझं मत पिवळ्याला.

आई मात्र हटून बसलीय. तिला मी दोन्हींपुढे बसवलं. नाक भिंतीला लागेल इतकी जवळ गेली. तुमच्या निळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही राख कुणी फासली?"

"आई, तो निळा आहे."

"हा निळा? तुझ्या भावाने नीळ दाखवून परत नेलेली दिसते." मग पिवळ्यावरून हात फिरवला. "हा तर भिंतीचाच रंग. यात रंगवायचं काय?"

मी म्हटलं, मुद्दाम चिडवतेस का मला? तर भिंतीकडे पाठ करून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, बाबांनी लग्नाच्या आदल्या दिवशी कुणाला हात लावू न देता स्वतः चुना ढवळला होता. त्यात नीळ अशी बेताने टाकली होती की सकाळी ती उठली तेव्हा तिला वाटलं छप्पर उडालंय आणि आपण उघड्यावर झोपलोय. "तसा निळा एकदा होऊ दे. मग तुमचा पिवळा बघू." आता सांगा, हिच्यापुढे काय बोलायचं? हट्टाला औषध नाही.

पुढच्या आठवड्यात मला परीक्षांच्या कामाला पाच दिवस पंजकेंतला जायचंय. आल्यावर रंगाला हात घालू. तुमचा शेवटचा शब्द कळवा.

तुहफा

(आईची ओळ माझ्या सहीवरच चढलीय, सांभाळून वाचा. हल्ली घाई फार करते.)

अस्रोर पाय कोरडे

*

समारा,
१२ मार्च १९९८

तुहफाजान,

हसलो, आणि मग बराच वेळ हसलो नाही. बाबांनी आईसाठी चुना ढवळला होता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ऐक. आईला निळा करू दे. मनापासून सांगतो. बाबांचा निळा तिला पुन्हा दिसणार असेल, तर माझे जर्दाळू कोनाड्यात राहतील. सहा कोनाडे पिवळे कर, बाकी सगळं तिचं. दिलाफ्रूझ काही माझ्याशी भिंतीसाठी लग्न करत नाही, असं मी धरून चालतो.

नवरोजला गव्हाच्या अंकुरांचा सुमनक रात्रभर ढवळताना माझ्या नावाने कढईत नवसाचा एक खडा टाक. कढईपाशी बसलेल्या सगळ्या बायका दिसतात मला इथून. या वर्षी आई कुणाकुणाला ओरडली ते लिही.

अस्रोर

*

सरीजू,
२९ मार्च १९९८

अस्रोरआका,

नवरोज मुबारक.

खोली रंगवून झाली. काम ठीक झालंय. पाऊस चांगला आहे, बदामाला फुलं येऊन गेली. गाय व्याली, कालवड आहे. शाळा सुरू आहे.

आई बरी आहे. तिला तुम्हाला ओळ लिहायची होती, पण ती कामात आहे. पुढच्या पत्रात लिहील. काळजी करू नका आणि काम सोडून येण्याचं मनात आणू नका.

होलनजरला घाई आहे.

तुहफा

*

समारा,
२१ एप्रिल १९९८

तुहफा,

होलनजर आला. तुझं पत्र त्याने हातात दिलं आणि उभाच राहिला. मी चहा ओतला, त्याने घेतला नाही. होलनजरने फुकटचा चहा सोडलेला तू कधी पाहिलायस?

मी त्याची बाही धरली. त्याला काही सांगायचं नव्हतं, हे आधी तुला सांगतो, त्याला बोलू नकोस. तो म्हणाला, तू त्याला अंगणात येऊ दिलं नाहीस, पत्र फाटकातूनच दिलंस. फाटक पुरतं लागलं नव्हतं. खोलीचं दार उघडं होतं आणि आतल्या भिंती निळ्या होत्या. मी म्हटलं, आईला निळाच हवा होता. तो खाली बघत म्हणाला, "तसा निळा नाही, अस्रोर. झग्याचा निळा."

मग बाकीचं त्याने सांगितलं. नवरोजला आपल्या अंगणातली चूल पेटली नव्हती. गावात एकच घर असं आहे जिथे सुमनक कधी चुकला नाही, फक्त बाबांच्या वर्षी चुकला. आणि उंबऱ्यावर आईचे रबरी कलोश नव्हते. तुझे होते. तिचे नव्हते.

तुहफा, मी लहान नाही. परक्या मुलखातल्या माणसाला मरण कागदावर कळवत नाहीत, हे मला तू शिकवायला नको. गावात होतो तेव्हा अक्षर बरं म्हणून लोक माझ्याकडून पत्रं लिहून घेत. फौजेतल्या पोराला मी स्वतः लिहिलंय, "तुझे वडील बरे आहेत, कामात आहेत, काम सोडून येऊ नकोस." तेव्हा त्या वडिलांना पुरून सतरा दिवस झाले होते. तुझं पत्र मी वाचलं आणि मला माझंच अक्षर दिसलं. तीच वाक्यं. पाऊस चांगला आहे. कामात आहे.

मी पिशवी भरली. दोनदा स्टेशनवर गेलो, दोनदा परत आलो. तुला राग येईल, पण खरं सांगतो. मी इथे आहे तोवर ती तिथे आहे. अंगणात कुणावर तरी ओरडतेय, माझ्या पायांची चौकशी करतेय. मी गाडीत बसलो की प्रत्येक स्टेशनागणिक ती थोडी थोडी जाणार, आणि फाटक उघडलं की पुरती. मला ते फाटक उघडायचं नाही. दिलाफ्रूझच्या घरी सांग की माझी वाट बघू नका. इथे खोल्या पुष्कळ आहेत. मी रंगवत राहीन.

पण एक शंका मनात उरली, म्हणून लिहितोय. ती असेल, तर तिच्या हातची एक ओळ पाठव. तुझ्या हातची नको. मी तिचं अक्षर ओळखतो.

अस्रोर

*

सरीजू,
१४ मे १९९८

अस्रोर,

एक ओळ मागितलीस. घे, पानभर.

तुहफाला मी लिहू देणार नाही. ती खोटं लिहिते आणि तेही वाईट लिहिते. गाय व्याली म्हणे. गाय अजून गाभण आहे.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, चष्मा लावून. स्टेशनवर जाऊन परत फिरलास, मी मेले असेन म्हणून. अरे, मेले असते तर जास्तच यायला हवं होतं. माझ्यावर माती कोण टाकणार होतं, होलनजर?

आता काय झालं ते ऐक. तुहफा पंजकेंतला गेली. मला वाटलं, पोरगी दमून येईल, तोवर आपण रंगवून टाकू. चुना विरवला, नीळ घातली, एक हात मारला. काही दिसेना. राखच. पुन्हा घातली. पुन्हा राख. मला तुझ्या बाबांचा निळा हवा होता, तो माझ्या डोक्यात लख्ख होता, पण बादलीत येत नव्हता. तीन दिवस ढवळलं. शेजारच्या घरातलीही नीळ मागून आणली. शेवटी कुठे जरा बरा वाटला.

तुहफा आली आणि दारात उभी राहून रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस काय, जरा फिकाच झालाय." तेव्हा तिने माझ्यापुढे बोटं धरली आणि विचारलं, किती? मी सांगितलं. चुकलं.

वर्षभर ठाऊक होतं मला. सुईत दोरा जाईना, ताटातला खडा दिसेना. बोलले नाही. बोलले असते तर तू काम टाकून आला असतास आणि लग्न पुढे गेलं असतं. तुहफाला मी शपथ घातली, अस्रोरला कळवलंस तर पाजलेलं दूध माफ करणार नाही. म्हणून तिने ते पत्र लिहिलं. माझे कलोश माझ्या पायात होते, समरकंदला, तुझ्या मामाकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक काढला, दुसरा पानगळीत काढतील. तोवर सुमनक हुकला, तेवढं मनाला लागलं.

मी तिकडे असताना दिलाफ्रूझची मावशी मापं घ्यायला आली. भिंती बघितल्या, फीत पिशवीत ठेवली, दोन्ही तळवे वर करून माझ्या नावाने प्रार्थना म्हटली, भाकरीला शिवली नाही आणि निघून गेली. तुहफा खरं सांगायला मागे धावली, तर त्या बाईने तिलाच पोटाशी धरून रडू दिलं. समरकंदहून आल्यावर मी आधी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिच्या हातातली किटली पडली. आता ती कुणाचं मरण सांगायची घाई करणार नाही.

मग घरी आले आणि खोलीत पाऊल टाकलं. मी तिथल्या तिथे बसले. तुहफाला विचारलं, "या घरात मेलं कोण?" म्हणाली, "आई, तूच रंगवलंय." खूप हसलो आम्ही. नंतर मी रडले, ते तिला सांगितलं नाही, तुला सांगते. ज्या झग्याला तू भ्यायलास, तो मी हाताने तुझ्या बायकोच्या भिंतींना नेसवला होता.

पण एक सांगायचं राहिलं. पट्टी सोडली त्या सकाळी तुझ्या मामाच्या खिडकीत मी बसले होते. ऊन यायचं होतं. वर बघितलं तर तो होता, तुझ्या बाबांचा निळा, तसाच्या तसा. मी त्याला तीन दिवस बादलीत शोधत होते. मनभर बघून घेतला. आता मला तो भिंतीवर नको.

आणि भिंतीवर सगळं निळं नाही. रंगवताना माझ्या हाताला तुझे पुठ्ठे लागले. निळ्यावर मी कुंचा फिरवला, म्हटलं निळ्यात निळा गेला. दुसरा दिसत नव्हता, पण कडा बोटांना कळत होत्या. तो तुझ्या जर्दाळूचा होता. त्याच्या चारी बाजूंनी बोटाने चाचपत चाचपत रंग दिला, त्याच्यावर थेंब पडू दिला नाही. तो आहे तिथेच आहे. काल उन्हं गेल्यावर मी त्याच्यापुढे बसले. तुहफा सांगते ते खरं, मोठा होतो. मला त्यात ओल्या चटया दिसल्या, आणि दारात उभा तू, आत यायला जागा नाही म्हणून रडकुंडीला आलेला.

आता जागा आहे. ये, आणि तो चौकोन चारी भिंतीभर मोठा कर. निळ्यावर पिवळा बसत नाही, तेव्हा आधी सगळं खरवडावं लागेल, ते तू मला सांगायला नको आणि मी तुला. जर्दाळू अजून हिरवे आहेत, पण यंदा फांद्या वाकल्यात.

चुना भिजत घातलाय. पिवडी आणून ठेवलीय. पाय कोरडे ठेव.

आई